अस्तराची शिवण

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायला बसा, पण जरा लांबून. चेनला हात लावू नका. मला कुणाचा भरवसा वाटत नाही.

तुर्कस्तानात, काळ्या समुद्राकाठच्या फात्सा गावी एका खोगीर शिवणाऱ्या उस्तादाने मला घडवलं. मेलाहतआईंनी मला त्यांच्या एर्कुतसाठी घेतलं. तो गावच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत नुकताच खेळू लागला होता. आईने गळ्यात बांधलेला ताईत मात्र त्याने पहिल्याच दिवशी काढून ठेवला. "आई, पोरं हसतात मला!"

पुढची दहा वर्षं आमची होती. एर्कुतचा पास म्हणजे हातात आणून दिलेला चहा, असं लोक म्हणत. माझंही कौतुक होई. पण माझा जीव कधी स्वस्थ नव्हता. सामानाच्या खोलीची किल्ली एकट्या रिफ्की आबींकडे असे; संघाचं सामान तेच सांभाळत, आणि आबी म्हणजे तिकडे थोरला भाऊ. हंगामाच्या आरंभी सगळे मैदानावर कुर्बानीचा मेंढा कापायला गेले, की हे मागे राहत, मला पालथी करत आणि अस्तरात सुई खुपसत. दर वर्षी! यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी तेव्हाच ताडलं होतं.

मग आम्ही दोन वर्षं इस्तंबूलला गेलो. तिथे माझ्या अस्तराला कुणी सुई लावली नाही, आणि तिथेच एर्कुतचा गुडघा गेला.

तो गावी परतला आणि प्रशिक्षक झाला. पोरं त्याला होजा, म्हणजे गुरुजी, म्हणू लागली. मी सामानाच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडले. आबींची सुई तेवढी मला विसरली नाही. यंदा संघ ओळीने पाच सामने हरला. सहावा हरला की खालच्या गटात जाणार होता.

त्या सहाव्या सामन्याच्या सकाळी पट्टी शोधताना एर्कुतच्या बोटांना माझ्या तळाशी गाठ लागली. त्याने कात्रीने अस्तर टराटरा फाडलं. आतून तिकोनी पुडी निघाली.

"होजा, उघडू नका!" कप्तान ओरडला. "करणी दिसतेय!"

"आबी, किल्ली तुमच्याकडे," एर्कुत म्हणाला. "माझ्याच घरचं मीठ खाऊन हे केलंत?"

"करणी नाही ती."

"मग काय आहे?"

"ते मला सांगता यायचं नाही."

आबींनी किल्ली बाकावर ठेवली आणि ते निघून गेले. बरा सापडला, मी मनात म्हटलं. मित्रांनो, ते आठवलं की आजही लाज वाटते.

एर्कुतने पुडी उकलली. वरचं कापड लाल-काळ्या पट्ट्यांचं, मेलाहतआई कमरेला गुंडाळत तेच. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. आत दुवा लिहिलेला कागद, खाली त्यांचं पेन्सिलीचं वेडंवाकडं अक्षर : 'माझ्या एर्कुतचे गुडघे सांभाळ.' ताईत कुणी ठेवला हे सांगितलं की त्याचा गुण जातो, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एर्कुतला ते आठवलं, पण आबी केव्हाच फाटकाबाहेर गेले होते.

सामना बरोबरीत सुटला, संघ वाचला. एर्कुत जल्लोषाला थांबला नाही. मला काखोटीला मारून तो थेट आबी बसत त्या चहाच्या दुकानात गेला.

"आबी, चुकलो. एवढं शिवून द्या."

आबींनी चहा संपवला. खिशातून सुई-दोरा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"दर वर्षी दोरा कुजायचा. तुझ्या आईला शब्द दिला होता, म्हणून शिवत आलो. आता फाडलंस तू, शिव तू."

एर्कुतने बोटं टोचून घेत, डोळे पुसत मला शिवलं. टाके वाकडे आहेत, पण टिकलेत.

मित्रांनो, संशय मलाही सुटत नाही. म्हणून एकच मागणं आहे : कात्री उचलण्याआधी माणसाच्या गप्प राहण्याचा थोडा तरी मान ठेवा. आबी दुसऱ्या दिवशी कामावर आले. किल्ली मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. सामानाची खोली तेव्हापासून उघडीच असते.