कलम तिसरं: गंगूबाईच्या घरी आठ दिवस

आमच्या जयप्रकाशना एखादी कल्पना सुचली की घरातल्या माणसांनी जपून राहावं. १९८३च्या एप्रिलमध्ये त्यांना मराठी वाचवायची कल्पना सुचली. तीही स्वतःची नव्हे, एका आयरिश माणसाची.

हा माणूस म्हणजे क्विनसाहेब. बहारीनच्या मीना सलमान बंदरात ज्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जयप्रकाश इंजिनिअर होते, तिथले त्यांचे वरिष्ठ. उन्हानं कायम लाल झालेले, बोलायला लागले की थांबणं माहीत नसलेले. एकदा डबा खाताखाता त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशात त्यांची जुनी भाषा जगवायला सरकारनं केवढा खटाटोप केला आहे. सरकारी नोकरीला परवा-परवापर्यंत आयरिशची परीक्षा पास व्हावी लागे. पश्चिमेकडच्या ज्या गावांत ती अजून घरात बोलतात, तिथल्या मुलांना ती बोलण्याबद्दल सरकारी अनुदान, आणि मुलं खरंच बोलतात का हे बघायला घरी येणारा इन्स्पेक्टर. शहरातली मुलं उन्हाळ्यात त्या गावांतल्या बायकांच्या घरी राहायला पाठवतात. तिथे इंग्रजी बोलताना पकडलं गेलं की पेटी उचलायची आणि घरी.

जयप्रकाशनी हे सगळं एका ड्रॉइंगच्या पाठीवर उतरवून घेतलं. घरी आले तेच मुळी "धोरण हवं, नीला! भावना पुष्कळ झाल्या, आपल्याला धोरण हवं!" असं ओरडत.

मी तेव्हा उल्काला जेवायला हाका मारत होते आणि ती आतून "कमिंग, कमिंग" म्हणत येत नव्हती.

उल्का आमची एकुलती एक, नऊ वर्षांची. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. रागावली तरी इंग्रजीत, लाडात आली तरी इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे बाजारापुरतं आणि दवाखान्यापुरतं. त्यामुळे शाळेत कोणी तिला रडवलं तर ती मला भराभरा सांगायची, मला त्यातलं निम्मं कळायचं, आणि मी मान हलवायचे. पोटच्या पोरीपुढे मान हलवत बसण्यासारखं वाईट काही नाही. मला बाकी कुठलीही भाषा वाचवायची नव्हती. मला फक्त माझी मुलगी माझ्याशी बोलायला हवी होती.

आणि तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? मी कुडाळजवळच्या खेड्यातली. मालवणी बोलत वाढले. लग्न होऊन पुण्याला आले आणि चौथ्या दिवशी सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे असं नाही हं बोलत, नीला." त्या दिवसापासून अकरा वर्षं मी असं नाही बोलले. सासरच्यांना वाटलं, पोरगी सुधारली. जयप्रकाश तर विसरूनही गेले.

तर धोरण. मे महिन्यात मराठी मंडळाच्या बैठकीत ते एकमतानं मंजूर झालं, कारण बाहेर चहा निवत होता. तीन कलमं होती.

पहिल्या कलमानुसार मंडळाच्या अध्यक्षा हेमाताई भाषा-निरीक्षक झाल्या. पुण्याच्या शाळेत वीस वर्षं शिकवलेल्या बाई. नाकावर चष्मा आणि चष्म्यावरून जग. त्या न कळवता घरोघर येऊन मुलं कुठल्या भाषेत बोलतात ते बघणार होत्या. आता बहारीनमध्ये न कळवता कोण कुठे जाऊ शकतं? हेमाताईंची गाडी एका इमारतीपाशी थांबली की तिथली बाई पुढच्या इमारतीतल्या बाईला फोन करायची. मग घराघरांत टीव्ही बंद व्हायचे, मुलांना हात धरून बसवलं जायचं आणि दार उघडताच पोरं एका सुरात "नमस्कार, पाणी आणू का?" म्हणायची. आमच्याकडे उल्कानं पाणी आणलंही. हेमाताई घाम पुसत म्हणाल्या, "सॉरी हं, लेट झालं. पार्किंगच नाही इथे." वहीत मात्र त्यांनी आम्हाला 'समाधानकारक' असा शेरा दिला.

दुसरं कलम बिल्ल्याचं. तिकडे म्हणे आयरिश बोलायला तयार असलेली माणसं कोटाला बारीक कडं लावतात. जयप्रकाशनी मनामाच्या बाजारातून शंभर पिवळे बिल्ले करून आणले. ज्याच्या छातीवर बिल्ला, त्याच्याशी मराठीतच बोलायचं. बिल्ले सगळ्यांना फार आवडले. सगळे ते लावून फिरायचे आणि एकमेकांना भेटले की बिल्ल्याविषयी इंग्रजीत बोलायचे.

तिसरं कलम मात्र अडलं. मुलांना आठ दिवस अशा घरी ठेवायचं की जिथे मराठीशिवाय काही बोलतच नाहीत. असं घर आणायचं कुठून? बँकवाल्यांच्या घरी इंग्रजी, ज्यांच्याकडे बाहेरची मोलकरीण त्यांच्याकडे हिंदी. हेमाताईंच्या स्वतःच्या घरी तर मिस्टर इंग्रजीत गप्प बसायचे. शेवटी मंडळाच्या सहलींना बस चालवणारा गुंडू म्हणाला, "साहेब, आमच्या घरी पाठवा ना. आमच्या हिला दुसरं काय येतच नाही."

गुंडू मूळचा कणकवलीकडचा, हूरा वस्तीतल्या एका अरबी घराण्याचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी मंडळाची बस चालवायचा. त्याची बायको गंगूबाई त्याच घरी स्वयंपाकाला होती. तिथल्या मालकीणबाई, जुबैदा मॅडम, उन्हाळाभर युरोपला जायच्या. तेवढे दोन महिने मागच्या अंगणातल्या दोन खोल्या आणि गंगूबाईचे हात, दोन्ही मोकळे असायचे.

जुलैमध्ये उल्का आणि आणखी तीन मुलं आपापल्या पेट्या घेऊन तिथे गेली. जयप्रकाशनी दारात उभं राहून कलम वाचून दाखवलं: एक इंग्रजी शब्द, की घरी परत. गंगूबाईनं पदर खांद्यावर घेऊन नीट ऐकून घेतलं आणि शेवटी अर्ध्या अरबीत म्हणाली, "यल्ला, चला, आता जावा तुमी. पोरांक भूक लागली आसतली."

माझ्या गावची बोली होती ती. मी गाडीत जाऊन बसले.

चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन टॅक्सीनं हूऱ्याला गेले. सकाळचे अकरा, ऊन असं की रस्त्यावर मांजर नाही. गंगूबाईच्या दाराशी पोचले आणि आतून आवाज आला, "गुड मॉर्निंग सर! माय नेम इज गंगूबाई! आय मेक बेड व्हेरी टाईट!"

माझा हात कडीवरच राहिला.

"तसा नाय गो मावशे!" आतून माझी मुलगी ओरडली. "आधी गुड मॉर्निंग म्हण, मगे हस. आधीच हसलंस तर तो मॅनेजर घाबरतलो."

"माका हसू आपसूक येता, मी काय करू?"

"तोंडात पाणी धर."

"पाणी धरून गुड मॉर्निंग कसा म्हणू गे, शाने?"

आणि चारही पोरं खो खो हसली. त्यात माझ्या उल्काचं हसू मला वेगळं ऐकू आलं.

झालं होतं ते असं. रस्त्यापलीकडच्या एका हॉटेलात खोल्या आवरण्याच्या कामाला बाया हव्या होत्या. गंगूबाईला चुलीपासून सुटायचं होतं, पण मुलाखत इंग्रजीत. आम्ही तिच्याकडे मराठी शिकायला इंग्रजी शाळेतली चार मुलं आणून सोडली, तर तिला वाटलं देवच पावला. पहिल्याच संध्याकाळी तिनं सौदा केला होता: "पोरांनू, तुमी माका इंग्लिश शिकवा. तुमच्या बापाशींक मी कायएक सांगूचंय नाय." पण तिला शिकवायचं तर आधी समजावायला हवं, आणि ती समजणार फक्त मालवणीत. म्हणून नऊ वर्षांत मी ओरडून, रुसून, खाऊ देऊन जे करू शकले नाही, ते पोरीनं पाच दिवसांत केलं. तिला कोणालातरी काहीतरी सांगायचं होतं, एवढंच.

मी आत गेले नाही. त्या उन्हात दाराबाहेर उभी राहून पाऊण तास ऐकत होते. लाडू पातळ झाले. मला आनंद झाला होता आणि गंगूबाईचा असा मत्सर वाटत होता की सांगता सोय नाही. ते "गो" आणि "गे" माझे होते. माझ्या तोंडून जायला हवे होते त्या पोरीच्या कानात.

घरी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर जयप्रकाशनी चारही पेट्या उचलल्या असत्या. आठ दिवस संपून उल्का परत आली आणि घरात पुन्हा इंग्रजीवर गेली.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी या चार मुलांची मराठीची परीक्षा झाली. एका शाळेचा हॉल, पन्नासेक माणसं, सगळे बिल्ल्यांसकट. प्रमुख पाहुणे अर्थातच क्विनसाहेब. मागच्या रांगेत गुंडू आणि गंगूबाई. तिला हॉटेलची नोकरी मिळाली होती, फक्त मॅडम परत येऊन रिलीज, म्हणजे नोकरी बदलायची परवानगी, देईपर्यंत थांबायचं होतं.

जयप्रकाशनी क्विनसाहेबांना चार शब्द त्यांच्या भाषेत बोलायची विनंती केली. ते उठले, आणखी लाल झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी ही भाषा शाळेत तेरा वर्षं शिकलो. आज मला तिच्यात फक्त बाहेर जाण्याची परवानगी मागता येते." लोक हसले. त्यांनाही हसू आलं. मग म्हणाले की त्यांच्या आजीला ती जन्मापासून येत होती, पण ती नातवंडांशी कधी बोलली नाही. कोंबड्यांना दाणे टाकताना तेवढी कोंबड्यांशी बोलायची. तिला वाटायचं, पोरांना ही भाषा लागली तर त्यांचं नुकसान होईल. जयप्रकाशनी याचं मराठीत भाषांतर करताना कोंबड्या गाळल्या. मला मात्र तेवढं इंग्रजी कळलं होतं.

मग मुलं. नियम हेमाताईंचे: दहा गुण, प्रत्येक इंग्रजी शब्दाला दोन वजा. बाकीच्या तिघांनी आईबापांनी घोटून घेतलेलं म्हणून दाखवलं. एकानं 'माझा आवडता ऋतू' सांगितला. बहारीनमध्ये ऋतू दोनच, भट्टी आणि कमी भट्टी, पण त्याला वसंत आवडत होता. नऊ गुण.

उल्का उभी राहिली. हेमाताई म्हणाल्या, "तुझ्या घराविषयी सांग बाळ."

"आमच्या घरात तीन माणसा आसत," उल्का म्हणाली. "बापूस माझो कामाक जाता, आणि घराक इलो काय पण कामच करता. आवस माझी सारखी रागावता, पण जेवण बेस करता. तिका बोलूक कोण गावना नाय. म्हणान ती रेडिओवांगडा बोलता."

हॉल हसला. मागे गंगूबाईनं टाळी वाजवली आणि आजूबाजूला बघून दुसरी वाजवली नाही. मी हसले नाही. मी रेडिओशी बोलते हे पोरीनं पाहिलं होतं, मला वाटलं होतं तिचं लक्ष नाही.

हेमाताईंनी चष्मा काढला. "गोड आहे, वाद नाही. पण आपण मराठी वाचवायला निघालोत. हे म्हणजे आपलं... ड्रायव्हर लोकांचं बोलणं झालं. तीन गुण देते. पुढच्या वर्षी पुन्हा बसव हं."

"आठ दिवसांची संगत," जयप्रकाश घाईघाईनं म्हणाले. "जाईल हळूहळू."

मागच्या रांगेत गुंडू आपल्या चपला बघत होता. उल्का माझ्याकडे बघत होती, चूक काय झाली ते न कळून. सासूबाई अगदी अशाच मऊ आवाजात बोलल्या होत्या, आणि मी तेव्हा अशीच बघत राहिले असणार. मी उठले.

"हेमाताई," मी म्हणाले, "माझ्या चेडवाक नापास करतास? मगे माका पण करा. मी पण अशीच बोलतंय. अकरा वर्सा गप रवलंय, आता रवूचंय नाय."

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखायला वेळ लागला. जयप्रकाश माझ्याकडे असे बघत होते, जणू घरात दुसरीच बाई निघाली. क्विनसाहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी ते उठून उभे राहिले.

उल्का चालत माझ्यापाशी आली. "आये, तुका येता?" तिनं विचारलं. "मगे माझ्यावांगडा कित्याक नाय बोललंस?"

पन्नास माणसं ऐकत होती. खोटं सांगता आलं असतं.

"माका लाज वाटत होती गो, बाय."

तिनं थोडा विचार केला. मग माझा हात धरला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "इट्स ओके, आई."

हेमाताईंनी वही उघडून तिचे आणखी गुण कापले. मी कापू दिले.