कानावर येईपर्यंत

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. अख्ख्या वडनेर भोलजीत पुरणाचा वास दाटला होता आणि पुष्पांजली पहाटेपासून चुलीपुढून हलली नव्हती. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळ्या. शंभर पानं उठायची होती. हात कामात, पण ध्यान दाराकडे. दरवर्षी या दिवशी तिचे बाबा, उकंडराव, धामणगाव बढ्याहून यायचे. पिशवीत केवडा आणि घरचं पडवळ. अकराच्या आत हजर. आज बारा वाजून गेले तरी पत्ता नव्हता.

आणि यंदा तर त्यांना खास बोलावलं होतं. गावातल्या मंडळानं घरगुती देखाव्यांची स्पर्धा लावली होती, विषय 'देव आणि देश'. तिच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, पंधरा ऑगस्टचे उरलेले झेंडे गठ्ठ्यानं उचलून आणले होते. महालक्ष्म्यांच्या मागं पडदा करायचा म्हणे. पुष्पांजलीनं हे फोनवर बापाला सांगितलं आणि बाप कडाडला. तीस वर्षं शाळेत शिपाई होता तो, झेंडा बांधायचं काम त्याचंच.

"झेंड्याचा पडदा करते का व कोणी? जावयाले सांग, चढवाले जमत नसन तर कपाटात ठेव म्हणा!"

मग तिनं झेंडे घडी घालून ठेवून दिले आणि स्वतःच्या साड्या काढल्या. ज्येष्ठेला केशरी, कनिष्ठेला हिरवी, मागं पांढरी. मधोमध निळ्या बांगड्यांच्या काचांचं चक्र, चोवीस आऱ्या मोजून. बघणारा बघतच राहायचा. बाबांनी बघावं एवढंच बाकी होतं.

फोन असता तर तिनं लावून पाहिला असता. पण तिचा फोन काल सकाळपासून गजेंद्रच्या खिशात होता. "तुह्या फोनचा कॅमेरा चांगला हाय. रील काढतो देखाव्याची," म्हणाला आणि घेतला तो परत दिलाच नाही.

"अहो, बाबाले फोन लावा ना एकडाव."

"लावला होता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "गाडीत असतीन. रेंज नसन."

"तू वाढ व आधी," सासू सिंधूताई मधेच बोलल्या. "सवाष्णी बसल्या ना."

पुष्पांजली पोळ्यांचं ताट घेऊन ओळीत वाढत निघाली. शेवटच्या पानावर शेजारच्या सरस्वतीबाई होत्या. त्यांचंही माहेर धामणगाव बढे. चार दिवस माहेरी राहून त्या आज सकाळच्याच गाडीनं परतल्या होत्या आणि हे सिंधूताईंना ठाऊक नव्हतं. नाही तर पानावर बसूच दिलं नसतं.

सरस्वतीबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

"पुष्पे? तू अठीच?"

"मंग कुठी जाऊ, काकू? पोळी घ्या."

"माय व माय..." सरस्वतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "काल माती झाली ना व तुह्या बापाची. मी होती तठी."

ताट खाली पडलं. पोळ्या सतरंजीवर पसरल्या. बाईचं बोलणं पुष्पांजलीच्या कानात शिरलं होतं, पण अंगात उतरत नव्हतं. ओळीतल्या बायकांकडे तिनं बघितलं. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. त्यांना माहीत होतं. माहीत असून त्या पुरण खात होत्या!

"आई?" ती सासूकडे वळली.

सिंधूताईंनी आधी सरस्वतीबाईंनाच फैलावर घेतलं. "तोंड बंद ठेवता नाही आलं का हो? उद्या विसर्जन होतच होतं!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाह्य पुष्पे, लेकीले बापाचं सुतक तीन दिवस. पण ते कानावर आल्यावर लागते. तुह्या कानावरच आलं नाही, मंग सुतक कायचं? पन्नास वर्षांच्या महालक्ष्म्या हाय ह्या घरात. खंडित होऊ देऊ का मी? आम्ही काही पाप नाही केलं."

म्हणजे विसरले नव्हते. धांदलीत राहून गेलं, असंही नव्हतं. मायलेकांनी बसून, विचार करून, एका लेकीचे कान बंद ठेवले होते. देवाला फसवायची पळवाट शोधली, आणि तिला भक्ती म्हणत होते!

"फोन द्या," पुष्पांजली म्हणाली.

गजेंद्र हलला नाही. तिनं त्याच्या खिशात हात घातला आणि फोन ओढून काढला. भावाचे, दीपकचे, सतरा फोन येऊन गेले होते. काल सकाळी सातपासून. तिनं लावला.

"आता काऊन फोन केला, ताई?" दीपकचा आवाज खरवडल्यासारखा होता. "झाल्या का तुह्या महालक्ष्म्या?"

"दीपक, मले..."

"दाजीनं सांगतलं मले. म्हणे, पुष्पा म्हणते देव खंडित नाही करत, अठूनच हात जोडते. तरी म्या चार वाजेपर्यंत बाबाले ठेवलं. लोक शिव्या देऊन राह्यले होते मले. म्हटलं, येईन. ताई येतेच."

पुष्पांजलीनं गजेंद्रकडे पाहिलं. बातमी लपवली ती एक गोष्ट. पण तिच्या तोंडी असली भाषा घालून यानं तिच्याच भावाला ऐकवली होती.

"दीपक," ती म्हणाली, "मले कोणी सांगतलंच नाही रे. आत्ता कळलं. वाढता वाढता."

पलीकडे दीपकचा आवाज खाली आला.

"मंग काल चार वाजता तू काय करून राह्यली होती?"

"दारातून आत कुंकवाची पावलं काढून राह्यली होती," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचा आवाज फुटला.

गजेंद्र पुढं सरकला. हळूच, लोकांना ऐकू जाऊ नये असा बोलला, "पाच वाजता परीक्षक येऊन राह्यले. देखावा तूच समजावून सांगशीन असं लिहून देलं म्या. तेवढं होऊ दे, मंग मीच नेतो तुले गाडीवर."

रस्त्यात कोणी अनोळखी माणूस अंगावर यावा, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता लागलं तुले सुतक!" सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या झाल्या. "कशालेच हात लावू नको. बाजूले हो."

"होते ना," पुष्पांजली म्हणाली. मग ओळीकडे तोंड करून, शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "माह्या बापाची माती काल झाली. तुम्ही जेवून राह्यल्या ते सगळं सुतकीच्या हातचं हाय. काल साड्या नेसवल्या त्या ह्याच हातानं. माह्या कानाचं सोडा, देवाचे कान तर उघडे होते ना?"

एक घास कुणी तोंडाकडे नेला नाही. सरस्वतीबाई भरल्या पानावरून उठल्या.

"चाल व पोरी. फाट्यावर काळीपिवळी जीप भेटन. मी येते संगं."

"ताई," फोन अजून चालूच होता. दीपक म्हणाला, "राख उद्या सकाळी सावडाची हाय. मंडळी म्हणते आजच उरकू. मी नाही म्हणतो. तू ये. तू आल्याबगर मी कोणाले हात लावू देत नाही."