नेब्बिओलो, कोकम आणि श्रीवर्धनची सुपारी

मी एक जुनी, रिकामी बाटली आहे. मित्रांनो, माझ्या पोटात जे होतं ते मोठ्या माणसांचं, त्याच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. गोष्ट ऐकायला मात्र कुणाची हरकत नाही. आणि आधीच सांगून टाकते, मी महाभित्री आहे. काचेच्या जन्माला आल्यावर दुसरं काय होणार!

उत्तर इटलीत पिएमोंते नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या बारोलो गावाच्या वाइनने मला भरलं. ती वाइन एकाच द्राक्षाची, नेब्बिओलोची. तिकडे धुक्याला 'नेब्बिया' म्हणतात. हे द्राक्ष इतकं उशिरा पिकतं की तोडणीच्या वेळी मळ्यांवर धुकं उतरलेलं असतं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. वाइन रंगाने फिकी, पण अशी तुरट की जीभ टाळूला चिकटावी. शेजारच्या बार्बेरा द्राक्षाची वाइन दिसायला गडद, चवीला आंबट. दोल्चेत्तोच्या नावाचा अर्थ 'गोडुली', आणि वाइनमध्ये गोडवा औषधालाही नाही! खरी गोड ती मोस्कातो. नावावर किंवा रंगावर गेलात तर फसलातच म्हणून समजा.

जहाजातून मी दुबईच्या एका हॉटेलात आले. दोन वर्षं आडवी पडून होते. पाहुणे लेबल वाचून "वा!" म्हणायचे आणि मला परत ठेवायला सांगायचे. मग एके दिवशी एका टेबलावर मला उघडलं, तासाभरात संपवलं, आणि लगेच मी कचरा झाले. कौतुक सगळं आतल्या ऐवजाचं हो, बाटलीला कोण विचारतं?

मला विचारलं शुभ्राने. ती त्याच हॉटेलात जेवण वाढायची. कामाला लागताना मॅनेजरने गाव विचारलं होतं. "नाशिक? मग तुला वाइनमधलं सगळं कळत असणार!" आणि घाबरून हिने मान डोलावली. घरी तिने बेदाण्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. ते एक मान डोलावणं आता अंगाशी आलं होतं. पिएमोंतेच्या वाइनची परीक्षा द्यायची, तीन ग्लास, नाव न सांगता. चव घ्यायची, थुंकायचं, द्राक्ष ओळखायचं. पास झाली तर कॉन्ट्रॅक्ट वाढणार, नाहीतर महिनाअखेर परत नाशिक.

लेबल पाठ करायला तिने गेटपास काढून मला इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीतल्या खोलीवर आणलं. तिथे तिच्यासोबत हाफिजाआपा राहायच्या. मूळच्या श्रीवर्धनच्या, ड्रॅगन मार्ट नावाच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात कामाला. मला बघताच त्या दोन पावलं मागे सरल्या.

"या अल्ला! दारूची बाटली घरात?"

"रिकामी आहे आपा. तीनदा धुतलीय."

"तीसदा धू. माझ्या कपाटाकडे नको."

म्हणून माझी रवानगी खिडकीच्या कठड्यावर झाली. चौथा मजला! पडदा हलला तरी माझा जीव टांगणीला.

शुभ्राचा जीव तर माझ्याहून जास्त टांगलेला. हॉटेलातल्या सरावात ती रोज बार्बेरा आणि नेब्बिओलोत गोंधळायची. एका संध्याकाळी तिने पुस्तक पलंगावर आपटलं. "दोन्ही शार्प लागतात आपा! इथे लिहिलंय, नेब्बिओलोला डांबराचा वास येतो. मी कधी डांबर हुंगत बसलेय का?"

"शार्प म्हणजे काय? आंबट की तुरट?"

आपांनी ओढणीने शुभ्राचे डोळे बांधले आणि तोंडात कोकम घातलं. मग पाणी प्यायला लावून गावाहून आलेल्या कच्च्या सुपारीचं खांड दिलं.

"तोंडाला पाणी सुटलं तर आंबट. होतं ते पाणी पळालं तर तुरट. यात गल्लत करायला तू काय अंग्रेज आहेस?"

जिने जन्मात थेंब चाखला नाही, तिने आमच्या दोन द्राक्षांचा फरक दोन घासांत सांगितला. मी कठड्यावर थक्क! पुढे आठवडाभर रोज कोकम आणि सुपारी.

परीक्षेच्या दिवशी आपांची सुट्टी होती. सकाळपासून त्या तस्बीची माळ ओढत येरझारा घालत होत्या. चार वाजता फोन वाजला. आपांनी शुभ्राचा मेसेज मोठ्याने वाचला, "खलास."

एवढंच. इथल्या अरबी बोलण्यात खलास म्हणजे झालं, आटपलं. आपल्याकडे खलास म्हणजे बुडालं, मेलं. आपांची वीस वर्षं दुबईत गेली, पण काळीज श्रीवर्धनचंच. त्यांनी तस्बी बाजूला ठेवली. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मला वाटलं, गेली पोरगी. आता ही खोलीही सुनी होणार.

मग आपांनी फोन ठेवला. कपाटावरची शुभ्राची बॅग काढली आणि एकेक कपड्याची घडी घालून भरू लागल्या. डोळे पुसायच्या, घडी घालायच्या. "माझ्याशी भांडायला आता कोण गं?" असं त्या एका कुर्त्यालाच विचारत होत्या.

सहा वाजता शुभ्रा घामाघूम होऊन आत आली. "बस जाममध्ये अडकली आपा, फोनची बॅटरी गेली. अहो, ही बॅग कशाला?"

"तूच लिहिलंस ना खलास!"

"परीक्षा खलास! संपली! पास झाले मी!" शुभ्राला हसू आवरेना. "तिसरा ग्लास फिका होता. मी 'हलकी' लिहून बसले होते. मग जीभ टाळूला चिकटली. इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून मराठीत 'तुरट' लिहिलं आणि पुढे नेब्बिओलो. त्यांनी अर्थ विचारला, तर मी तुमची सुपारी सांगितली!"

आपांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मुडदा बसवला तुझ्या खलासचा! अजून दोन अक्षरं लिहिली असतीस तर बोटं झडली असती?" आणि तिलाच मिठी मारून त्या हमसून हमसून रडल्या.

मित्रांनो, मी काचेची, मला जपा, असंच मी शेवटी सांगणार होते. ते राहू द्या. तुमची घरी कुणी वाट बघत असेल, तर त्याला नुसता एक शब्द पाठवू नका. अख्खं वाक्य पाठवा. आणि फोन चार्ज करून बाहेर पडा.