मागून हाक मारली तर

"ताई, यांना विचारा, कटिंगचा अनुभव किती?"

मॅनेजर माझ्या नवऱ्यासमोर बसून मला विचारत होता. नवरा जन्मापासून बहिरा. अर्जाच्या पहिल्याच ओळीत होतं: शिवणकारखान्यात नऊ वर्षं. तो कारखाना बंद पडल्यापासून हे सातवं ठिकाण. खुणांनी सांगायला म्हणून मी झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसले होते, तर मुलाखत माझीच चालली होती.

नवऱ्याने वहीत लिहिलं, 'मला विचारा,' आणि वही पुढे सरकवली. मॅनेजरने ती माझ्याकडे वळवली.

"काय म्हणतायत?"

"अक्षर स्वच्छ आहे हो. वाचा ना."

त्याने घसा खाकरला. "हात चांगला असेलही. पण पातं गरगरत असतं. मागून कोणी हाक मारली तर?"

धोका किती ते दाखवायला त्याने काचेचं दार उघडलं. मशिनांचा गोंगाट आत घुसला. लेक दचकून उठली, तोंड वासून रडली. माझ्याच मांडीवर, आणि मला ऐकू आली नाही! हॉलमध्ये प्रत्येकाच्या कानात बोळे. मॅनेजरने लांबच्या माणसाला तीन बोटं दाखवली, पेला धरल्यासारखा हात तोंडाला लावला. त्याने मान डोलावली. चहा सांगून झाला.

नवरा तोवर कापडाच्या टेबलाशी पोचलाही. म्हाताऱ्या कटिंग मास्तरांनी कागदी साच्यांकडे बोट केलं. नवऱ्याने एक साचा उलटा फिरवला. उरलेल्या फटीत आणखी एक बाही बसली. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दार लागलं.

"बघितलंत?" मी म्हटलं. "इथे हाक मारतं कोण?"

"ते खरं, पण नियम... असं करू, तुम्ही रोज सोबत या. मग बघतो."

"मी? मला धड बटण लावता येत नाही."

"ऐकू तर येतं ना!"

मला हसावं की वही त्याच्या डोक्यात घालावी कळेना. त्याने अर्ज फायलीत सरकवला. "फोन करतो."

"फोन मीच उचलते. ही काय, समोर बसलेय. आत्ताच बोला."

काचेपलीकडे मास्तरांनी डब्यातून कापसाचे दोन नवे बोळे काढले, नव्या माणसाला देतात तसे, आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि इमानेइतबारे दोन्ही कानांत घातले.

मॅनेजर ते बघत राहिला. मग त्याने फाईल पुन्हा उघडली.

मी खुर्ची पुढे ओढली. "हं, बोला."