माटोळीची मागची बाजू

“आता माजी कूस बदला आनी जावा बगया. ऊन चढला काय तुमची ढोपरां रडतली,” सुलोचना म्हणाली.

लकव्यानंतर तिचे निम्मे शब्द तोंडातच राहत. परक्याला ते कळत नसत. नवऱ्याला, दत्तारामला, मात्र सवय झाली होती, आणि तिचे हुकूम तर त्याला न बोलताही कळायचे. त्याने तिच्या पाठीखाली हात घालून तिला कुशीवर वळवलं, मागे उशी लावली, पाण्याचा पेला तिच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हाताजवळ ठेवला. तोवर शेजारची सत्यवती येऊन खाटेजवळ बसलीही होती.

“दीड तास हां, भाऊ,” ती म्हणाली. “साडेधाक माका पेडण्याची बस धरूची आसा. चवथीचो बाजार रवलोहा.”

“धाकच येतंय,” दत्ताराम म्हणाला, आणि आकडीची काठी घेऊन जवळजवळ पळालाच.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस असा पळाला त्याला कारण होतं. वीज खात्यात लाईनमन म्हणून उभा जन्म खांबावर काढलेल्या दत्तारामला नाद एकच, माटोळीचा. दारू नाही, पत्ते नाहीत, फक्त माटोळी. चवथीला गणपतीच्या माथ्यावर टांगायची ती लाकडी चौकट घरोघर असते. लोक तिला नारळ, सुपारीचं शिपटं, चार आंबाडे बांधून मोकळे होतात. दत्तारामची माटोळी बघायला मात्र त्याच्या गावी, हळर्णात, बाहेरून माणसं यायची. रानातली साठ-सत्तर तऱ्हेची फळं, शेंगा, घोस, आणि सगळं केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोराने बांधलेलं. गावच्या मंडळाच्या स्पर्धेच्या तीन ढाली कपाटावर होत्या. सुलोचना त्या न चुकता पुसायची आणि न चुकता म्हणायची, “हेंचेर पोळेय भाजूक गावनत.”

बोलायची तशी, पण तिच्याशिवाय माटोळी कधी बांधली गेली नाही. तो स्टुलावर चढून फळ धरायचा आणि ती खाली उभी राहून बोटाने सांगायची, वर, खाली, वायच उजवीकडे. जागा मनाजोगती झाली की ती मूठ मिटायची. मूठ मिटली की गाठ मारायची. ही खूण लाईनमन लोकांचीच होती. त्याने ती लग्नानंतर पहिल्याच चवथीला तिला शिकवली होती.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या दिवसांत तिची उजवी बाजू गेली. त्या वर्षी माटोळी कुणी बांधली, कशी बांधली, त्याला आठवतही नाही. गेल्या वर्षी मुलगा ओंकार फोंड्याहून येताना बाजारातूनच सगळं घेऊन आला, प्लास्टिकच्या सुतळीसकट. दत्तारामने दीड दिवसात एकदाही मान वर करून पाहिलं नाही. सुलोचनाच आपली खाटेवरून म्हणत राहिली, “बरी जाल्या हां माटोळी.” आणि यंदा आठ दिवसांपासून तिने त्याच्यामागे लकडा लावला होता, रानात जा म्हणून.

डोंगराच्या चढावर त्याला धाप लागली, पण पहिली केवण दिसली आणि तो सगळं विसरला. साल सोलली. घागऱ्यांच्या शेंगा मिळाल्या, कांगलांचे घोस मिळाले. नाव फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली दोन रानफळं मिळाली तेव्हा तो स्वतःशीच हसला. पिशवी भरली. निघायची वेळ झाली होती, तो निघालाही होता, आणि तेवढ्यात वर पाहायचं नव्हतं ते त्याने पाहिलं. एका किंजळीच्या झाडावर चढलेल्या वेलाला माटोळीत मानाची लालभडक कवंडळं लागली होती. चार.

आकडी पुरेना. त्याने आकडीला दुसरी काठी बांधली. एक कवंडळ पडून फुटलं. दुसरं काट्यात गेलं. नंतर उरलेली दोन काढून त्याने पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि मगच त्याला सत्यवती आठवली.

घरी पोचला तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. सत्यवतीने आपली बस चुकवून पावणेअकरापर्यंत वाट पाहिली होती आणि दाराच्या कडीला चिठ्ठीऐवजी आपला राग लावावा तसं दार आपटून गेली होती, हे समोरच्या घरातून त्याला लगेच कळलं. आत सुलोचना सकाळच्याच कुशीवर, भिंतीकडे तोंड करून होती. चादर ओली होती. पेला जमिनीवर पडला होता.

दत्तारामला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. त्याने पिशवी दाराबाहेर भिरकावली.

“संपला,” तो म्हणाला. “हे वर्सा बाजारातली माटोळी. पुढचे वर्सा तीय नको.”

“पिशयेत काय होता?” भिंतीकडून आवाज आला.

“कायेक ना.”

“कवंडळ गावला?”

त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं, अंग पुसलं, कपडे बदलले. खुर्चीत ती फार वेळ बसू शकत नसे, मान छातीवर पडायची आणि नजर आपली पदरावर. म्हणून तो घाईने चादर घालायला लागला. ओंकारने पाठवलेली ती लोखंडी खाट हॉस्पिटलातली असते तशी, अवजड. पलीकडचा कोपरा खोचायला तो वाकला आणि त्याच्या कमरेत अशी कळ गेली की तो खाटेवर आडवाच झाला. धड उठता येईना. शेवटी कण्हत कण्हत पाय वर घेऊन तो सुलोचनाच्या उशीवर उताणा पडला.

“जाला,” खुर्चीतून सुलोचना म्हणाली. “आता तुमची कूस कोण बदलतलो?”

त्याला हसू आलं, पण हसलं की कमर दुखत होती. कळ ओसरेपर्यंत तो पडून राहिला. पत्र्यावर गंजाचा एक डाग होता, तो पाहून झाला. मग डोळे दाराकडे गेले. दारातून बाहेरची मधली खोली दिसते असं ही दोन वर्षं तो धरून चालला होता. गणपती तिथेच बसायचा. त्याने माटोळीची चौकट धुऊन कालच टांगून ठेवली होती. पण इथून दिसत होता तो तिचा एक कोपरा, भिंतीजवळचा, मागचा. वीतभर. बाकी सगळं दाराच्या चौकटीने कापून टाकलं होतं.

तो बराच वेळ त्या वीतभर लाकडाकडे बघत राहिला.

“सुलू, गेल्या वर्सा तुका हंयसून माटोळी दिसली?”

“दिसली मगे.”

“काय दिसला?”

तिने डाव्या हाताने पदर सारखा केला. मग म्हणाली, “एक नारळ.”

“आनी तू दीड दीस सांगत होतंस, बरी जाल्या, बरी जाल्या?”

“बरोच होतो तो नारळ.”

उताण्या माणसाचे डोळे भरले की पाणी कानात जातं, हे दत्तारामला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. ही दोन वर्षं अशीच निजून आहे, हेही तेव्हाच नीट कळलं. खाट दारातून बाहेर निघत नव्हती, तो प्रयत्न करून झाला होता. गणपतीची जागा वाडवडिलांपासूनची, ती हलायची नव्हती.

संध्याकाळी कमरेला तेल चोळून तो बाहेर गेला आणि अंगणातली पिशवी उचलून आणली. सत्यवतीकडे जाऊन दोन्ही हात जोडले. तिने पाच मिनिटं तोंड सोडलं आणि मग विचारलं, “कवंडळ तरी गावला?”

चवथीच्या आदल्या दिवशी ओंकार आणि सून मनीषा आली. दत्ताराम स्टुलावर आणि ओंकार खालून एकेक जिन्नस देत होता. पुढच्या बाजूला नारळ, शिपटं, तोरिंजन, केळ्यांचा घड. ते झटपट झालं. मग दत्तारामने स्टूल भिंतीकडे सरकवलं आणि रानातलं सगळं तिथे, मागच्या कोपऱ्यात बांधायला घेतलं.

“बाबा, हे मखराच्या फाटल्यान कोणाक दिसतला?” ओंकारने विचारलं. “उद्या परीक्षक येतले. ते पुढेच उबे रवतत.”

“घागऱ्यो दी,” दत्ताराम म्हणाला.

ओंकारने बापाकडे पाहिलं, मग बाप पुन्हापुन्हा ज्या दाराकडे वळून बघत होता त्या दाराकडे पाहिलं. मग तो एकेक घोस हातात देत राहिला.

चवथीच्या दुपारी दोन परीक्षक आले. गणपतीला नमस्कार केला, मान वर करून माटोळी पाहिली, कागदावर लिहिलं. त्यातले एक गृहस्थ दत्तारामची माटोळी दरवर्षी पाहणारे होते. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

“दत्ताराम, हे वर्सा रानात जावक जमूक ना मगे? वयनीचा दुखणा... आमका कळता.”

ओंकारने तोंड उघडलं. दत्तारामने त्याच्या दंडावर हात ठेवला.

“जमला तितक्या केलां,” तो म्हणाला आणि त्यांच्यापुढे करंज्यांची ताटली धरली.

ते गेल्यावर ओंकार वैतागला. “सांगूक काय जाला होता? जरा फाटल्यान येवन बगा म्हणान सांगूचा होता. हातचो नंबर गेलो.”

“गेलो तर गेलो. ढाली पुसपी आता कोण आसा?” दत्ताराम म्हणाला. हे तो चेष्टेने म्हणाला होता, पण बोलून झाल्यावर दोघांचीही नजर कपाटावरच्या ढालींकडे गेली.

तेवढ्यात आतून हाक आली. शब्द अर्धेच होते, पण दत्तारामला कळले. तो दारात गेला. सुलोचना उताणी होती. केस मनीषाने विंचरून दिले होते. ती बाहेर बघत होती, आणि चेहरा जुन्या चवथीतला होता, काही पसंत न पडल्याचा.

“ता कवंडळ,” ती म्हणाली. “कांगलांत लिपलां.”

“मी करतंय, बाबा,” ओंकारने स्टुलाला हात घातला. “तुमची कमर.”

“तू स्टूल धर.”

दत्ताराम जपून चढला, एक पाय, मग दुसरा. गाठ सोडून कवंडळ हातात घेतलं. तिथून त्याला सुलोचनाचा चेहरा दिसत नव्हता. दारातून दिसत होता फक्त चादरीवर उचललेला तिचा डावा हात. बोट खाली झालं. त्याने कवंडळ खाली घेतलं. वायच उजवीकडे. मग पुन्हा अर्धा इंच वर. त्याचा हात भरून आला, कमर ठणकायला लागली, तरी बोट काही थांबेना. खाली ओंकारने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

मग बोट थांबलं. हात तसाच हवेत राहिला. तिला घाई नव्हती.

दत्ताराम कवंडळ धरून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने तिने मूठ मिटली, आणि त्याने गाठ मारली.