नवव्या डावाची गाठ

मी बाक बोलतोय. कोल्टर गावच्या सूतगिरणीच्या बेसबॉल मैदानावर, खेळाडूंच्या पडवीत ठेवलेला, पिवळ्या पाइनचा बारा फुटी बाक. आता मला काचेत ठेवलंय, म्हणून आवाज जरा दबका येईल.

१९२० साली गिरणीनं आपला संघ उभा केला आणि त्याच आठवड्यात गिरणीच्या सुतारांनी मला ठोकून तयार केलं. पहिल्याच मोसमात एक रीत पडली. संघातून पहिला सामना खेळलेल्यानं माझ्या पाठीवर नाव कोरायचं, आणि ज्याच्याबरोबर तो खेळला, त्या जुन्या खेळाडूच्या नावापर्यंत चाकूनं एक रेघ ओढायची. बोचलं मला, पण आवडलंही. माणसाला आपण कुणानंतर आलो हे लिहून ठेवावंसं वाटतं, ही गोष्ट वाईट नाही.

गिरणीचीच माणसं ती. रेघांना 'धागा' म्हणू लागली आणि जुन्या संघाला नव्याशी जोडणाऱ्या खेळाडूला 'गाठ'. पाऊस येऊन खेळ थांबला की माझ्यावर बसून, उकडलेले शेंगदाणे सोलत, एकच खेळ चाले.

"चल, आपल्या रस्टीपासून लूथरपर्यंत पोच."

"सोपंय. रस्टी खेळला डेलबरोबर, डेल होबार्टबरोबर, होबार्ट लूथरबरोबर. तीन उड्यांत पोचलो. तुझे शेंगदाणे इकडे दे."

लूथर स्ट्रिकलंड म्हणजे पहिल्या संघाचा पिचर, चेंडू फेकणारा. सत्तावीस वर्षं तो माझ्या डाव्या टोकाला बसला. तिथलं लाकूड त्याच्या तंबाखूनं कायमचं काळं झालंय. गावातला प्रत्येक खेळाडू त्याच्यापर्यंत पोचायचा, आणि पोचायचा तो एकाच माणसातून, होबार्ट टिडवेलमधून.

त्याचं कारण असं. १९४७च्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात होबार्ट गिरणीत लागला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सामना झाला, महिन्याभरात गिरणीत संप झाला आणि मालकानं जुना संघ एकजात कामावरून काढला. लूथरसकट सगळे गाव सोडून गेले. होबार्ट अजून कच्च्या नोकरीतला, सुतारखात्यातला उमेदवार. तो तेवढा राहिला. पुढच्या वर्षीच्या संघात जुन्यांपैकी तोच एक.

तसा खेळाडू साधाच. पण गावात त्याला गाठ म्हणायचे आणि तो छाती काढून चालायचा.

त्या शेवटच्या सामन्यात काय झालं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आठव्या डावात डॅन कॉब नावाच्या खेळाडूचा घोटा मुरगळला. तो येऊन धपकन माझ्यावर बसला. त्याच्या जागी होबार्ट उठला. त्याचं वजन माझ्यावरून गेलं, ते नववा, म्हणजे शेवटचा डाव संपेपर्यंत परत आलं नाही. मैदानाच्या उजव्या टोकाला तो उभा राहिला. लूथरनं एकामागून एक तिघांना बाद करून डाव संपवला आणि होबार्टकडे एकही चेंडू गेला नाही.

संघाची वही लिहायचे नोबल गॅडी. गिरणीत ते हजेरीवर होते. ज्याच्या हातून त्या पाळीत सूत निघालं नाही, त्याच्यापुढे ते खूण करत नसत. तोच नियम त्यांनी मैदानावर आणला.

"काका, माझं नाव?" होबार्टनं विचारलं.

"चेंडूला हात लागला का तुझा? मग कसलं नाव?"

"पण मी खेळलो ना!"

"खेळलास की. जा, बाकावर कोर. वही कामाची, बाक माणसांचा."

लूथर हसला आणि त्यानं आपला चाकू पुढे केला. त्याच चाकूनं होबार्टनं नाव कोरलं आणि लूथरच्या नावापर्यंत वीतभर रेघ ओढली. आजपर्यंत माझ्यावर ओढलेली सगळ्यात सरळ रेघ ती.

त्यानंतर साठाहून जास्त वर्षं गेली. गिरणी बंद पडली आणि तिचं संग्रहालय करायचं ठरलं. त्यासाठी बॉस्टनहून शिकून गावी परतलेली लॉरेल पुढे आली. ती नोबल गॅडींची नात. मुलगी चांगली. गावाला आपला खरा इतिहास मिळाला पाहिजे, या एकाच ध्यासानं ती जेवणखाण विसरून आजोबांच्या वह्या वाचत बसे. भिंतीवर सगळ्या खेळाडूंची नावं लावून त्यांच्यामध्ये खरंखुरं लाल सूत ताणायचं, ही तिचीच कल्पना.

एका शनिवारी ती वही घेऊन पडवीत आली. तिथं विलिस न्हावी होता, संघाचा जुना प्रशिक्षक डेल होता, आणि माझ्यावर बसलेला होबार्ट. वय वर्षं ब्याऐंशी.

"होबकाका, रागावू नका. सत्तेचाळीसच्या त्या सामन्यात तुमचं नावच नाहीये."

"नसेलच. चेंडू आला नव्हता माझ्याकडे."

"नवव्या डावात उजव्या टोकाला डॅन कॉब आहेत."

"कॉबचा घोटा मुरगळला होता, पोरी."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी."

"त्यातलं आता कोण आहे?"

होबार्टनं टोपी काढली. विलिसनं तेवढ्यात तोंड घातलंच. "होब, थडग्यात जाऊन कॉबचा घोटा बघून ये की!"

लॉरेल त्याच्यावर डाफरली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा. मी लिहून घेते. त्या डावात तुम्ही काय केलंत?"

"उभा होतो."

"आणि?"

"आणि काय? लूथर फेकत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा होतो."

विलिसला हसू आवरेना. "साठ वर्षं आम्ही या माणसाला फुकट दाढी करून देतोय, आणि यानं काय केलं, तर उभा राहिला!"

डेलला होबार्टनंच खेळ शिकवला होता. तो बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाला, "वहीत नाही म्हणजे नाही, होब. लोक बाहेरून येणार, विचारणार. खोटं कसं लावायचं?"

"मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हणालो. आठवणीत घोळ होतो माणसाच्या."

मी ओरडलो. लाकडानं ओरडायचं ते जेवढं, तेवढं. विलिस म्हणाला, "हा बाक करकरतोय, खिळे बघायला हवेत."

होबार्टचं नाव राहणार होतं, पुढं तो वीस वर्षं खेळलाच होता. जाणार होती ती लूथरपर्यंतची रेघ. कोवळ्या मिसरुडाचा एक सुतार रंधा घेऊन आला. त्यानं माझ्यावर हात फिरवला आणि होबार्ट उठला.

"थांब. या बाजूनं मारलास तर लाकडाच्या रेषांच्या उलट जाईल. लाकूड फाटेल." त्यानं रंधा स्वतःच्या हातात घेतला. "लूथरचं नाव खराब होईल."

लॉरेल म्हणाली, "काका, तुम्ही नका करू."

"मग कोण करणार? तू?"

तो वाकला. रंधा लाकडावर टेकवला. पाच-सहा हातांत रेघ गेली. पातळ, गुंडाळलेल्या सालींमधून ती माझ्या पायाशी पडली. त्यानं फुंकर मारली, अंगठ्यानं गुळगुळीतपणा तपासला आणि टोपी घालून तो निघून गेला. विलिसनं झाडू मारला.

भिंतीवर लाल सुतात एक फट राहिली. उद्घाटनाला लॉरेल त्या फटीपुढे उभी राहून सत्यावर बोलली, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. होबार्ट आला नव्हता.

नोव्हेंबरात तो गेला. गावच्या साप्ताहिकातल्या निधनवार्ताही लॉरेलच बघते. होबार्टची मुलगी वर्ना तिला भेटायला संग्रहालयात आली. दोघी माझ्या काचेपुढे उभ्या होत्या.

"एक ओळ, लॉरेल. 'लूथर स्ट्रिकलंडच्या शेवटच्या सामन्यात खेळले.' बस."

"मला लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं गं."

"कोण वाचणार आहे? आम्हीच ना?"

"म्हणूनच," लॉरेल म्हणाली आणि वर्नाचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. वर्नानं तो सोडवून घेतला.

गुरुवारी छापून आलं: होबार्ट टिडवेल, गिरणीचे सुतार, पश्चात एक मुलगी.

मला लॉरेलचा राग करता येत नाही. तिनं लबाडी केली असती तर बरं झालं असतं, मग निदान शिव्या देता आल्या असत्या. ती खरी आहे, तिचे आजोबा खरे होते, त्यांची वहीही खरी आहे.

तुम्ही एवढा वेळ माझं ऐकलंत. आता होबार्ट खेळला होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कधी कोल्टरला आलात, तर तेवढं वर्नाला सांगा. तिला पटेल. मग लॉरेलकडे जा. ती तुम्हाला बसवेल, गोड चहा देईल, पेन्सिल घेईल आणि नम्रपणे विचारेल, तुम्हाला हे कुणी सांगितलं म्हणून.

काय उत्तर द्याल?