दुसरी वायर

तारकर्लीला रोनी पर्यटकांना समुद्राखाली नेतो आणि त्याची बायको मेल्विना त्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ कापून, जोडून देते. सगळं चित्रण घरातल्या बॅकअपच्या डब्यात जमा होतं. आत चार हार्ड डिस्क, आणि डबा राउटरला जोडलेला. यंदा हंगामात रोनीची धाकटी बहीण सोकोरो मदतीला आली आणि कटकट सुरू झाली. दोघींनी आपापल्या कॉम्प्युटरवर एकदम काम काढलं की चित्र अडकायचं. माशाचं अर्धं शेपूट पडद्यावर थिजून राहायचं.

"नवो डबो व्हयो," रोनी म्हणाला.

"डब्याक काय झालेला नाय," मेल्विना म्हणाली. "पाठसून वायरीक दोन जागा आसत. आमी एकच वापरताव. दोघींचा सगळा एकाच वाटेन येता."

तिने दुसरी वायर आणून डब्यापासून राउटरपर्यंत ओढली. फरक शून्य. मग डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून तिने दोन्ही जोडण्या एकत्र बांधल्या आणि एक मोठी फाइल कॉपीला लावली. वेग तोच.

रोनी हसला. "दोन वायरी लावलंस, तरी चाल तीच!"

मेल्विना पडद्याकडे बघत राहिली. चहा गार झाला. एकाएकी तिने मांडीवर थाप मारली.

"सोकोरो, तुझो कॉम्प्युटर पण चालू कर गो! एकटी गाडी दोन रस्त्यार कशी धावतली? दुसरी गाडी व्हयी!"

दोघींनी एकदम कॉपी लावली. या खेपेला कुणीच कुणाच्या वाटेत आलं नाही. दोन्ही पडद्यांवर पूर्ण वेग.

"अडकणा नाय गो! जरा पण नाय!" सोकोरो खुर्चीतून उठलीच.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून कर्णबधिर तरुण-तरुणींचा एक मोठा गट आला. बोटीवर सूचना देताना रोनीची दमछाक झाली. पण पाण्याखाली, तोंडात नळी घेऊन तो मुका झाला आणि ती मंडळी हातांनी मनसोक्त गप्पा मारू लागली. कुणी विनोद करत होतं, कुणी माशाची नक्कल. "पाण्यात गप्प बसणारो मी एकटोच होतंय!" वर आल्यावर तो सांगत सुटला.

त्यांचे शिक्षक गुरुप्रसाद घरी आले. "बस संध्याकाळी सुटेल. व्हिडिओ त्याआधी मिळतील का? मुलं खाली काय बोलली, ते त्यांना घरी दाखवायचंय."

"मिळतील," मेल्विनाने सांगून टाकलं.

अर्धे तिने घेतले, अर्धे सोकोरोने. काम रंगात आलं असताना रोनी सामानाची पिशवी घेऊन आत आला. त्याचा पाय वायरीत अडकला. पहिल्या, जुन्या वायरीची खाऱ्या हवेने ठिसूळ झालेली क्लिप तुटली आणि वायर डब्यातून निसटून त्याच्या पायाशी पडली.

"मेलंय!" रोनी जागीच थिजला.

मेल्विनाने पडद्याकडे पाहिलं. मासे पोहत होते, हात बोलत होते. डब्याने सगळं काम राहिलेल्या एका वायरीवर घेतलं होतं. वेग कमी झाला होता, पण काही थांबलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं.

"चालू आसा!" ती ओरडली. "रोनी, चालू आसा!"

तिने कपाटातून नवी वायर काढून जोडली, आणि दोघी पुन्हा भरधाव सुटल्या.

बस सुटायच्या आत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ पोहोचला होता. बसमध्ये सगळे एकमेकांना पडदे दाखवत खिदळत होते. तिघंही निरोप द्यायला रस्त्यावर आली, तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून हात वर गेले आणि बोटं पानांसारखी सळसळू लागली.

"ह्या त्यांच्या टाळ्या," गुरुप्रसाद दारातून म्हणाले.

मेल्विनाने दोन्ही हात उंच केले आणि तशीच बोटं हलवली. शेजारी सोकोरोचे हात वर गेले, मग रोनीचे. बस वळणाआड जाईपर्यंत ती तिघं तशीच उभी होती.